मागे घेताना तीन हॉर्न

४ ऑक्टोबर

आमच्या हट्टीबाईंना त्यांच्या आईचा आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला तर निरोप आणणाऱ्यालाच चार शब्द ऐकवतेस. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

सोबत एक पुस्तिका आहे. आतलं वाचू नकोस, नुसते आकडे आहेत. वरचा फोटो बघ. पिवळ्या डंपरच्या शिडीवर हेल्मेट घालून उभी असलेली बाई म्हणजे तुझी आई. आमच्या सोन्याच्या खाणीला कर्ज देणाऱ्या विकास बँकेने ही छापली आहे आणि म्हणे देशोदेशी वाटली आहे. फोटो काढणारा सारखा हसा म्हणत होता. मी हसले नाही. मी डंपर चालवते, दंतमंजन विकत नाही.

सात नंबरची गाडी माझी. तिचं एक चाक माझ्या डोक्याच्या वर जातं. शिडी चढून सीटवर बसलं की सगळा मुलूख दिसतो. खड्डा दिसतो, शाळा, नवा दवाखाना, आणि पार खाली तुझ्या आजीची वाडी आणि तिचा झरा. तू लहानपणी उन्हाळाभर त्या झऱ्यात पाय सोडून बसायचीस. गंमत म्हणजे एवढे दिवस झाले, सोनं मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी दगड वाहते, सोनं पुढे कुठेतरी निघतं.

गाडीचे नियम कडक आहेत. एक हॉर्न दिला की इंजिन सुरू होतंय, दोन दिले की गाडी पुढे जातेय, तीन म्हणजे मागे. तीन दिल्यावर लगेच गाडी घ्यायची नाही, थांबायचं. मागे कोणी असेल तर त्याला सरकायला वेळ द्यायचा. शिकवणारे उस्ताद सांगायचे, पुढचं तुम्हाला दिसतं, मागचं दिसत नाही, म्हणून मागच्याला सांगितल्याशिवाय हलायचं नाही. परीक्षेत मी पहिली आले. पुरुषांमध्ये धरून पहिली.

दुपारच्या पाळीला हीच गाडी मिरची चालवते. मिरची हे मी ठेवलेलं नाव, तिला भेटलीस की कारण कळेल. उंचीने बुटकी आहे. ती सीट पुढे ओढून ठेवते आणि सकाळी मी चढले की शिव्या देत सीट मागे करते. तुझ्या बाबांचंही बरं चाललं आहे. कंपनीचे गणवेश पुरुषी मापाचे आले होते. बाबांनी माझा उसवून नीट शिवून दिला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरणी त्यांच्या मशीनपुढे रांगेत उभ्या. आता ते दुकानात मदतीला माणूस शोधत आहेत.

आता नको तो विषय. तीन वर्षांपूर्वी बँकेची माणसं शाळेच्या हॉलमध्ये गावाला विचारायला आली होती, खाण हवी का म्हणून. तू उठून नको म्हणालीस. छान बोललीस. लगेच मी उठले आणि हवी म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना तू म्हणालीस, भर सभेत पाडलंस मला, तो शब्द मागे घेशील तेव्हा घरी येईन. मी घेतला नाही. आजही घेत नाही. परक्या गावच्या भट्ट्यांवर विटा उचलून माझी कंबर मोडली होती, आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर खाटेवर घालून न्यावं लागायचं. तू तेव्हा वसतिगृहात होतीस.

तुझंही काही वाया गेलं नाही, हे सांगायला हवं. कर्ज देणाऱ्याने गाऱ्हाणं ऐकायलाही बसलं पाहिजे, असं तू ठणकावलं होतंस. म्हणून खाणीच्या फाटकावर पाटी लागली, बँकेच्या तक्रार कचेरीचा फोन नंबर घातलेली. आम्ही तिला तुझी पाटी म्हणतो. सध्या तिच्यावर वेल चढला आहे.

आई

११ डिसेंबर

हट्टीबाई,

उत्तर नाही. हरकत नाही, पत्र परत आलं नाही एवढंच पुरे.

बातमी अशी की आमच्या बायकांच्या पाळीला ढाल मिळाली. खड्डा पायऱ्या पाडत खाली नेतात; त्यातली सगळ्यात खालची पायरी दगड वाहून ठरल्या दिवसाच्या आधी आम्ही मोकळी केली. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही पाठीमागे शिट्टीसाहेब म्हणतो कारण ते बोलण्याआधी शिट्टी वाजवतात, त्यांनी सगळ्यांसमोर ढाल माझ्या हातात दिली. मी ती घरी आणायचा हट्ट केला. बाबांनी ती शिलाईमशीनशेजारी ठेवली आहे, गिऱ्हाइकाने विचारलंच पाहिजे अशा बेताने.

त्याच दिवशी खालच्या भिंतीतून पाणी फुटलं. चांगलं मनगटाएवढं. आम्ही सगळ्याजणी टाळ्या पिटत उतरलो. एवढ्या उन्हाधुळीत आयतं गार पाणी म्हणजे चैनच. बाटल्या भरल्या, तोंडं धुतली. शिट्टीसाहेबांनी संध्याकाळपर्यंत पंप बसवून पाणी बाहेर नाल्यात सोडलं, कारण खड्ड्यात पाणी साचलं तर काम थांबतं.

मी ते पाणी प्यायले. चव ओळखीची वाटली. कुठे प्यायले होते ते चटकन आठवेना. असो.

बाबा तुझी आठवण काढतात. मी काढत नाही, मला वेळ नसतो.

आई

६ जानेवारी

हट्टीबाई,

सगळं ठीक आहे. खालच्या वाडीचा झरा जरा बारीक झाला आहे, पण दिवसच कोरडे आहेत. कंपनी टँकर पाठवते. काळजीचं कारण नाही.

तुझी आजी मात्र टँकरचं पाणी तोंडात धरायला तयार नाही. म्हणते, त्याला गाडीचा वास येतो. मी म्हटलं, मलाही गाडीचाच वास येतो, मग मलाही घरात घेऊ नका. त्यावर हसली, पण प्यायली नाही. झरा बारीक होताना तिने शेवटचा रांजण भरून फडक्याने तोंड बांधून ठेवला आहे. त्यातलं पाणी ती गुळणीएवढंसुद्धा कुणाला देत नाही.

परवा पाळी संपवून तशीच तिच्याकडे गेले. तिला तहान लागली होती म्हणून माझी बाटली दिली. तिने घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला. म्हणाली, "हे आपल्या झऱ्याचं आहे. कुठून आणलंस?" मी म्हटलं, कचेरीतलं आहे. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. सासूने असं बघितलं की लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ओढणी सावरावीशी वाटते. पण म्हाताऱ्या माणसाच्या जिभेचं काय धरून बसायचं.

गाडीवर बसलं की सगळं दिसतं, हे मागे लिहिलं होतं ना, त्याचा एक तोटाही आहे. टँकरसाठी लावलेल्या हंड्यांची रांगही दिसते.

आई

१४ जानेवारी

बसच्या ड्रायव्हरबरोबर दोन बाटल्या पाठवल्या आहेत. लाल झाकणाच्या बाटलीत आजीच्या रांजणातलं पाणी आहे. तिने ते कसं दिलं हे वेगळ्या पत्रात सांगण्यासारखं आहे. निळ्या झाकणाचं दुसरीकडचं आहे. तू पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बसतेस, तर एवढंच सांग, दोन्ही पाणी एकच आहे का. कशासाठी ते विचारू नकोस.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून तुला कळायचं ते कळेलच.

आई

२ फेब्रुवारी

माझ्या शहाण्या पोरी,

पाकीट आलं. आत पत्र असेल म्हणून मी ते घाईने उघडलं, तर नुसता अहवाल. पत्राची ओळसुद्धा नाही. रागच आला. मग तळाशी तुझी सही दिसली आणि तिच्याखाली छापलेलं, तपासणी अधिकारी. ते मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी सुई टोचून घेतली बोटात.

दोन्ही पाणी एकाच झऱ्याचं, असं तू म्हणतेस. ते मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, पोरी. मी ते डिसेंबरच्या पत्रात लिहिता लिहिता गिळलं. पण बँकेचं काम जिभेवर चालत नाही, तिथे कागद लागतो.

म्हणजे जी पायरी आम्ही ढाल मिळवून मोकळी केली, तिने वाडीच्या झऱ्याची शीर तोडली. आम्ही टाळ्या पिटल्या.

मी शिट्टीसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. त्याने दार लावलं, मला खुर्ची दिली आणि सांगितलं, खड्डा आणखी खोल करायला बँकेचा दुसरा हप्ता मिळायचा आहे. त्याआधी त्यांची माणसं गावाला भेटायला येणार आहेत. तुम्ही गणवेशात पहिल्या रांगेत बसा, दोन शब्द चांगले बोला. हप्ता आला की पहिलं काम वाडीच्या पाण्याचं. मी चाळीस पावसाळे बघितले आहेत. हप्ता आला की पहिलं काम हप्त्याचंच असतं.

मग मी फाटकावर गेले, तुझ्या पाटीवरचा वेल ओढून काढला आणि तिथल्या तिथे उभी राहून फोन लावला. तिकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाल्या, तुमचं नाव कंपनीला कळू द्यायचं नसेल तर आम्ही झाकून ठेवतो, तसा नियमच आहे. मी म्हटलं, पुस्तिकेवर माझं तोंड छापताना झाकू का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आता नाव कशाला झाकता.

तुला खोटं लिहीत नाही, मला भीती वाटते. नोकरी कदाचित जाणार नाही, पण सात नंबर जाईल. त्या गाडीवर माझा जीव आहे. या वयापर्यंत मला दुसरं काही एवढं आवडलं नव्हतं.

सभा सतराला आहे.

आई

१९ फेब्रुवारी

माझ्या पोरी,

झाली सभा.

तोच हॉल, त्याच खुर्च्या. समोर बँकेच्या बाई, फोनवरच्या नव्हे, कर्जाचं बघणाऱ्या, त्यांच्याबरोबर एक पाण्याचा इंजिनिअर, आणि बाजूला शिट्टीसाहेब. बाबांनी गणवेशाला इस्त्री इतकी कडक केली होती की मला बसता येईना. आजी वाडीतल्या सगळ्यांना घेऊन आली होती आणि येताना तिने रिकामा हंडा आणला होता. मी म्हटलं हा कशाला. म्हणाली, असू दे, हाताला सवय आहे.

आधी मिरची बोलली. तिचं सगळं खरं होतं. तिच्या पगारावर तिचं घर उभं राहिलं, आणि पुढच्या तुकडीत तिची बहीण ड्रायव्हर होणार होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं. तुझा अहवाल मी बाईंच्या टेबलावर ठेवला आणि खड्ड्यातल्या पाण्याची तशीच आणखी एक बाटली भरून नेली होती, ती त्याच्यावर ठेवली.

मी म्हटलं, "याच हॉलमध्ये मी खाण हवी म्हणाले होते. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. तुमच्या पैशाने मला गाडी दिली, गावाला दवाखाना दिला. त्या गाडीवर तुम्हीच मला शिकवलंत, मागे घेताना तीन हॉर्न द्यायचे आणि थांबायचं. तुम्ही खड्डा खाली नेलात तेव्हा मागे ही वाडी उभी होती. तिला एकही हॉर्न दिला नाहीत. आता थांबा. वाडीला तिचं पाणी मिळेपर्यंत पैसे देऊ नका."

बाईंनी विचारलं, हप्ता थांबला आणि त्यामुळे खाण बंद पडली तर चालेल का तुम्हाला.

मी म्हटलं, "बंद कशाला पडेल? मला उद्या सकाळी पाळी आहे."

मागून आजीचा आवाज आला, माझ्या सुनेचा आवाज मोठा आहे हे मला लग्नापासून माहीत होतं, आज कुठे तो कामाला आला. हॉल हसला. बाईही हसल्या, मग त्यांनी अहवाल उचलून पाण्याच्या इंजिनिअरला दिला. तो बराच वेळ वाचत होता. त्याने विचारलं, ही तपासणी कुणाची. मी म्हटलं, सही खाली आहे. माझी मुलगी आहे असं सांगितलं नाही. त्याने विश्वास ठेवला तो तुझ्या कामावर ठेवावा, नात्यावर नव्हे. पण सांगायला जीभ किती वळवळली असेल याचा तू अंदाज कर.

हप्ता थांबवला आहे. वाडीच्या पाण्याची कायमची सोय झाल्याशिवाय सुटणार नाही, असं बाईंनी सभेतच जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी पाळीला गेले तर सात नंबरच्या शिडीपाशी दुसराच ड्रायव्हर उभा होता. मला गाड्यांच्या धुलाईला घातलं आहे. नव्या ड्रायव्हरांची भरतीही थांबवली, म्हणजे मिरचीची बहीण राहिली. मिरची माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." एवढं बोलून गेली. वाडीला जर कळलं असतं की पायरी कुणी मोकळी केली, तर त्यांनीही मला हेच ऐकवलं असतं.

आई

२३ मार्च

पोरी,

मी मजेत आहे. धुलाईचं काम फार छान आहे. पाइप हातात घ्यायचा आणि खड्ड्यातून आलेल्या गाड्यांची चाकं धुवायची. उन्हाळ्यात याहून बरं काम नाही.

बाबा म्हणतात मी जेवताना पायाने ब्रेक दाबते. काहीतरीच.

सात नंबर रोज येते माझ्यासमोर. तिची चाकं मी जरा जास्त घासते. नवा ड्रायव्हर तीन हॉर्न देतो आणि थांबतच नाही, लगेच गाडी घेतो. मी एकदा त्याला खाली उतरवून ऐकवलं. धुलाईवालीने ड्रायव्हरला ऐकवलं म्हणून माझीच तक्रार झाली. मिरची त्या वेळी तिथे होती. मान फिरवून निघून गेली नाही, शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

तिकडे काम सुरू झालं आहे. बँकेच्या इंजिनिअरने खड्ड्याभोवती भोकं पाडून घेतली. पाणी खड्ड्यात यायच्या आधीच तिथून उपसायचं, टाकीत तपासायचं आणि नळाने वाडीला पोचवायचं, असं ठरलं आहे. कंपनीने सुरुवातीला कुरकुर केली, पण हप्ता अडकला की माणसाला शहाणपण लवकर सुचतं. तपासणीसाठी पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं. कुठल्या, ते तुला माझ्याआधी कळलं असेल. तू आम्हाला काही सांगितलं नाहीस. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने बाबांना सांगितलं. बाबांनी खूश होऊन त्याच्या पॅन्टच्या शिलाईचे पैसे घेतले नाहीत.

खरं सांगायचं तर पोरी, धुलाई मला अजिबात आवडत नाही.

आई

३० एप्रिल

माझ्या गुणी पोरी,

काल वाडीत नळ सुटला. सगळे जमले होते. पहिला हंडा आजीने लावला, तोच, सभेला आणलेला. तिने ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली आणि पुन्हा ओंजळ धरली. इंजिनिअर बिचारा हातातली टोपी फिरवत उभा. शेवटी म्हणाली, "लोखंडाचा वास आहे. पण पाणी आपलंच आहे." मग तिने रांजणाचं फडकं सोडलं आणि उरलेलं जुनं पाणी सगळ्यांना घोट घोट वाटलं.

झरा मात्र आटला तो आटलाच. त्याच्या जागी ओले दगडही राहिले नाहीत. इंजिनिअर म्हणाला, खाणीचं काम संपेल तेव्हा कदाचित परत येईल. तू पाय सोडून बसायचीस ती जागा मी जाऊन बघून आले. रडले मी तिथे. कुणी बघितलं नाही, पण तुला सांगते.

हप्ता सुटला. भरती पुन्हा सुरू झाली, मिरचीच्या बहिणीचं नाव यादीत वर आहे. पुढच्या पायऱ्यांना हात लावायच्या आधी वाडीत येऊन सांगायचं, असं बँकेने कागदावर घेतलं आहे. आमच्या ड्रायव्हरणी त्याला तीन हॉर्नचा नियम म्हणतात.

आणि आज सकाळी शिट्टीसाहेबांनी मला बोलावलं. शिट्टी न वाजवताच म्हणाले, बाई, सात नंबर तुमची वाट बघते आहे. मी धावले नाही. गणवेश नीट केला, हेल्मेट घातलं, शिडी सावकाश चढले. सवयीने हात सीटखालच्या दांडीकडे गेला. सीट आधीच मागे केलेली होती. माझ्या मापाने. काल दुपारची पाळी मिरचीची होती. मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

घरी आले तर तुझं कार्ड. एवढ्या पत्रांना तुझं एक कार्ड, आणि त्यात दोन वाक्यं. शनिवारी येते. शब्द मागे घेतलास का?

बाबांनी ते कार्ड ढालीला टेकवून ठेवलं आहे. आता गिऱ्हाइकाने ढालीचं विचारलं तर ते आधी कार्ड दाखवतात.

शनिवारी माझी सकाळची पाळी आहे. घरी जाऊ नकोस, सरळ फाटकावर ये आणि तुझ्या पाटीखाली उभी राहा. उजव्या बाजूने गाडीजवळ येऊ नकोस, त्या बाजूचं मला दिसत नाही. मी वरून तुला बघेन, आणि सगळ्या खाणीला सांगेन की पाटी हिची आहे आणि अहवालही हिचाच. मग तुला शिडीवरून वर घेईन आणि माझ्या शेजारी बसवेन. परवानगी काढली आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. एक हॉर्न ऐकलास तर समज, आई निघाली. दोन ऐकलेस तर तुझ्याकडेच येते आहे. तीन ऐकलेस तर बाजूला हो आणि उगाच आशा धरू नकोस. मी मागे घेते ती फक्त गाडी.

तुझी आई